घासलेटचा स्टोव्ह : ज्योत ओळखा, घर सांभाळा

गॅस सिलिंडर घरोघरी पोहोचला आणि घासलेटचा स्टोव्ह माळ्यावर गेला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर खेड्यापाड्यांतही गॅस आला आणि रेशनवरचे निळे घासलेट मिळणे अवघड होत गेले. आज पंचविशीच्या आतल्या अनेक मुलामुलींनी स्टोव्ह पेटवलेला नाही, काहींनी तो पेटलेला पाहिलेलाही नाही.

तरी स्टोव्ह संपलेला नाही. खोली करून राहणारे विद्यार्थी, बांधकामावरचे मजूर, चहाच्या टपऱ्या, डोंगरातल्या वाड्या येथे तो अजून जळतो. इतर घरांत तो अडचणीच्या वेळी खाली उतरतो. सिलिंडर सणाच्या आदल्या रात्री संपतो, पुरात रस्ता बंद होतो, वादळात वीज जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याजवळ धडकले, तेव्हा रायगडच्या अनेक गावांत पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. अशा वेळी इंडक्शनची शेगडी उपयोगाची नसते. मग घरातले कुणीतरी म्हणते, "माळ्यावर अम्मीचा स्टोव्ह आहे ना!"

धोका इथेच असतो. यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिलेले असते, त्यात जुने तेल साचलेले असते, वाती कडक झालेल्या असतात आणि ते चालवणारे सवयीचे हात आता घरात नसतात. आपल्या आई-आजीला स्टोव्हच्या आवाजावरून आणि ज्योतीच्या रंगावरून त्याची तब्येत कळत असे. ते ज्ञान कुठे लिहून ठेवलेले नव्हते, म्हणून ते आता लिहून ठेवायला हवे. ते अवघड मुळीच नाही. ज्योतीकडे नीट पाहता आले की स्टोव्हची बहुतेक दुखणी कळतात.

मिट्टी का तेल

आपल्या घरांत याला "मिट्टी का तेल" म्हणतात. मराठीतला "घासलेट" हा शब्द इंग्रजी गॅसलाइटवरून आणि "रॉकेल" हा रॉक ऑइलवरून आला असे सांगतात. केरोसीन हे नाव कॅनडाचे भूवैज्ञानिक अब्राहम गेस्नर यांनी एकोणिसाव्या शतकात दिले. ग्रीक भाषेत केरोस म्हणजे मेण. पण खनिज तेल तापवून, त्याची वाफ थंड करून स्वच्छ तेल काढण्याची रीत त्याच्या पुष्कळ आधीची आहे. नवव्या-दहाव्या शतकातले हकीम आणि रसायनज्ञ अबू बक्र अर-राझी यांच्या "किताबुल असरार" या ग्रंथात अशा तेलाला "नफ्त अब्यज", म्हणजे पांढरे तेल, म्हटले आहे.

स्टोव्ह समजून घ्यायचा तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. घासलेट पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. साधारण ३५ ते ४० अंश सेल्सियसच्या पुढे या तेलातून पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते. म्हणून हिवाळ्यात घासलेट शांत असते. पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, उन्हात ठेवलेला डबा शांत नसतो. पेट्रोलची गोष्ट त्याहून वेगळी आहे. त्याची वाफ कडाक्याच्या थंडीतही निघत असते. घासलेटमध्ये थोडेसे पेट्रोल मिसळले तरी स्टोव्ह बाँबसारखा वागू शकतो. तेल ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्यावे. वास नेहमीपेक्षा उग्र वाटला तर ते स्टोव्हमध्ये घालू नये, आणि काडी लावून पाहण्याचा "प्रयोग" तर कधीच करू नये.

वातीचा स्टोव्ह कसा चालतो

घरांत आज जास्त करून वातीचा स्टोव्हच असतो. खाली तेलाची टाकी, तिच्यातून वर आलेल्या आठ-दहा किंवा अधिक सुती वाती आणि त्यांच्यावर भोके पाडलेली, एकात एक बसणारी पत्र्याची नळकांडी. विज्ञानाच्या तासाला आपण केशाकर्षण शिकवतो. सुताच्या बारीक धाग्यांमधून तेल आपोआप वर चढते. टोकाशी उष्णतेने त्याची वाफ होते, नळकांड्यांच्या भोकांतून हवा आत येते आणि वाफ व हवा यांचे मिश्रण जळते. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी आणि बिनधुराची. हवा कमी पडली तर कार्बन अर्धवट जळतो, ज्योत पिवळी होते आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरते.

म्हणजे स्टोव्हची सगळी निगा दोन गोष्टींसाठी असते. तेल वातीतून सारखे वर यावे आणि हवा भोकांतून मोकळी आत यावी. सत्तरच्या दशकात खनिज तेल महागल्यावर इंडियन ऑइलच्या फरीदाबाद येथील संशोधन केंद्राने "नूतन" स्टोव्ह तयार केला. त्यातही मुख्य भर हवा आणि वाफ नीट मिसळण्यावर होता, कारण पिवळी ज्योत म्हणजे वाया गेलेले तेल.

माळ्यावरून उतरवलेला स्टोव्ह लगेच पेटवू नका

प्रथम टाकी पूर्ण रिकामी करावी. जुन्या तेलात गाळ आणि पाणी असते. पाणी घासलेटपेक्षा जड असल्याने ते टाकीच्या तळाशी बसते, आणि वातींची टोके तिथेच बुडालेली असतात. पाणी शोषलेली वात तडतडते, ज्योत बसते. रिकामी टाकी थोड्या घासलेटने खळबळून घ्यावी आणि झाकण काढून, चूल-विडीपासून दूर, मोकळ्या हवेत वाळू द्यावी. टाकीच्या बुडाला व सांध्यांना गंज पाहावा. बोटाने दाबल्यावर पत्रा दबत असेल किंवा कागदावर ठेवल्यावर तेलाचा डाग उमटत असेल, तर तो स्टोव्ह भंगारात द्यावा. घासलेट असलेल्या टाकीला घरी डाग द्यायला बसू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही वाफ असते.

मग वाती पाहाव्यात. कडक, काळ्या, आखूड झालेल्या वाती बदलाव्यात, आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम. नवी वात नळीत घट्ट बसणारी पण ओढल्यावर सरकणारी असावी आणि तिचे टोक टाकीच्या तळापर्यंत पोहोचावे. एकही नळी रिकामी ठेवू नये. दहापैकी नऊ वाती आहेत, एका वातीविना काय बिघडते, असे वाटते. पण रिकाम्या किंवा सैल नळीतून ज्योतीला टाकीतल्या वाफेपर्यंत वाट मिळते. वातीच्या स्टोव्हमध्ये आग टाकीपर्यंत जाण्याचे हे मोठे कारण आहे.

वाती घातल्यावर तेल भरावे आणि अर्धा तास थांबावे. कोरडी वात पेटवली तर सूतच जळते.

तेल भरताना नरसाळे आणि गाळणी वापरावी. टाकी काठोकाठ भरू नये, वर थोडी जागा सोडावी, कारण तापल्यावर तेल फुगते. सांडलेले तेल पुसून ती चिंधी बाहेर टाकावी. कपड्यावर तेल सांडले तर आधी कपडे बदलावेत, हात साबणाने धुवावेत आणि मगच काडी ओढावी. तेल अगदी तळाला जाईपर्यंत स्टोव्ह चालवू नये. टाकी जितकी रिकामी, तितकी तिच्यात वाफ जास्त आणि वातीही जळू लागतात.

पेटवणे, जुळवणे, विझवणे

स्टोव्ह सपाट आणि पक्क्या जागी ठेवावा. एका पायाखाली पुठ्ठा घालून तोल साधू नये. वाती थोड्या वर घ्याव्यात, नळकांडी उचलून सगळ्या वाती पेटवाव्यात, नळकांडी परत ठेवून हलकेच डावी-उजवीकडे फिरवावीत म्हणजे ती खाचेत नीट बसतात. सुरुवातीला ज्योत पिवळी असणारच. चार-पाच मिनिटांत पत्रा तापून लाल होतो आणि ज्योत निळी होते. तोपर्यंत पातेले ठेवण्याची घाई करू नये.

मग ज्योत पाहावी.

ज्योत सगळीकडे सारखी निळी असेल तर सर्व ठीक आहे.

एकाच बाजूला पिवळी असेल तर त्या बाजूची वात उंच आहे, नळकांडे तिरके बसले आहे किंवा स्टोव्हच कलता आहे. स्टोव्ह विझवून, थंड करून वाती एका पातळीत आणाव्यात.

सगळीकडे पिवळी असेल आणि धूर येत असेल तर वाती फार वर आहेत. त्या खाली घ्याव्यात. तरीही पिवळी राहिली तर नळकांड्यांची भोके काजळीने बुजली असतील. भांडे फार मोठे असेल आणि ज्योतीला दाबत असेल तरी असे होते. आणि स्टोव्ह स्वच्छ असून, वाती योग्य असून ज्योत हळूहळू पिवळी होऊ लागली तर खोलीतली हवा कमी पडते आहे. लगेच खिडकी उघडावी.

ज्योत लहान असेल आणि वाती वर घेऊनही वाढत नसेल तर तेल कमी आहे, वातींची टोके कडक झाली आहेत किंवा तेलात पाणी आहे.

ज्योत फडफडत असेल तर वाऱ्याचा झोत थेट लागतो आहे. स्टोव्हची जागा बदलावी, पण पेटलेला स्टोव्ह उचलून नव्हे.

टाकी हाताला चटका बसेल इतकी तापली, आतून भक् भक् असा आवाज आला किंवा ज्योत नळ्यांच्या खाली दिसली, तर वाती पूर्ण खाली घ्याव्यात, सर्वांना दूर करावे आणि पुन्हा तो स्टोव्ह दुरुस्त झाल्याशिवाय पेटवू नये.

विझवताना वाती खाली घ्याव्यात आणि ज्योत आपोआप जाऊ द्यावी. वरून फुंकर मारू नये, पाणी ओतू नये. विझल्यावर येणारा उग्र वास न जळलेल्या वाफेचा असतो. तो जाईपर्यंत दुसरी काडी ओढू नये. स्टोव्ह गरम असताना तेल भरणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत घातक आळस आहे. भाजी अर्धी शिजली आणि तेल संपले, तरी स्टोव्ह पूर्ण थंड होईपर्यंत थांबावेच.

दर आठवड्याला, स्टोव्ह थंड असताना, जळलेली टोके धारदार कात्रीने सरळ कापावीत. सर्व वाती एका पातळीत आल्या पाहिजेत. नळकांडी ब्रशने झाडून भोकांतली काजळी काढावी. महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून गाळ काढावा. इतके केले की तेल कमी लागते आणि पातेली घासायचे कष्टही वाचतात.

पंपाचा स्टोव्ह

पितळी पंपाचा स्टोव्ह अनेक घरांत अजून आठवण म्हणून जपलेला दिसतो. १८९२ मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी बिनकाजळीचा स्टोव्ह बाजारात आणला. त्याचे नाव प्रायमस, आणि पुढे सर्वच पंपाच्या स्टोव्हना तेच नाव पडले. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या अमुंडसेन यांच्या सामानातही प्रायमस होता. याला वात नसते. पंपाने टाकीत हवेचा दाब तयार होतो, तेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि निपलच्या बारीक छिद्रातून ती जोराने बाहेर पडते. त्याचा तो घुर्र असा आवाज याच वाफेचा.

येथे सर्व काही बर्नर तापण्यावर अवलंबून आहे. काकडा लावून किंवा वाटीत थोडे स्पिरिट जाळून बर्नर आधी चांगला तापवायचा, त्या वेळी हवेचा स्क्रू उघडा ठेवायचा, आणि मग स्क्रू बंद करून पंपाचे थोडेच हात मारायचे. घाईने, अर्धवट तापलेल्या बर्नरवर पंप मारला तर वाफेऐवजी पातळ तेल उडते आणि हातभर उंच पिवळी ज्वाळा उठते. ज्याला आपण भडका म्हणतो तो हाच. अशा वेळी अंग मागे घेऊन हवेचा स्क्रू सोडावा. दाब गेला की ज्वाळा बसते. तेल भरण्याचे झाकण मात्र पेटत्या किंवा गरम स्टोव्हचे कधीही उघडू नये.

ज्योत कमी झाली की पंप मारत राहण्याची सवय वाईट. बहुधा निपलमध्ये कचरा अडकलेला असतो आणि दाब वाढवून तो निघत नाही, उलट टाकीवर ताण येतो. पिन सरळ धरून एकदा-दोनदा हलकेच घालावी. वाकडी किंवा जाड पिन दाबून घातली तर छिद्र रुंदावते. मग ज्योत कायमची पिवळी राहते आणि निपल बदलण्यावाचून इलाज नसतो. पंपाचा दांडा ढिला लागत असेल, दाब भरत नसेल तर आतला चामड्याचा वायसर सुकला आहे. त्याला तेलाचे दोन थेंब पुरतात. सांध्यांतून गळती आहे का हे पाहण्यासाठी स्टोव्ह न पेटवता थोडा दाब भरून सांध्यांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडा आला की गळती. पूर्वी मोहल्ल्यामोहल्ल्यांत स्टोव्ह दुरुस्त करणारे येत. आता असा कारागीर सापडत नसेल तर जुना पंपाचा स्टोव्ह शोभेसाठीच ठेवलेला बरा.

खोलीतली हवा : एक साधे गणित

चार भिंतींत स्टोव्ह पेटला की तो आपल्याबरोबर श्वास घेतो. एक लिटर घासलेट जळायला साधारण १० घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू लागतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. म्हणजे बंद खोलीत एक लिटर तेल जाळले तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक हवेतला प्राणवायू संपेल. माणसाला गुदमरायला इतकाही बदल लागत नाही. शिवाय त्या एका लिटरमधून जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते. थंडीत भिंती ओल्या होतात, बुरशी धरते, दमेकऱ्याचा त्रास वाढतो.

प्राणवायू कमी पडू लागला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपेतल्या माणसाला तर काहीच कळत नाही. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर दुखण्याचे कारण शोधत बसू नये. सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत न्यावे, स्टोव्ह बंद करावा आणि दवाखाना गाठावा.

काश्मीरमध्ये खोली तापवायला बुखारी वापरतात. तिला धूर बाहेर नेणारी नळी असते. थंड देशांतल्या तेलावर चालणाऱ्या मोठ्या हीटरलाही धुराडे असते. आपल्या स्टोव्हला धुराडे नाही, म्हणून खोली तापवण्यासाठी तो वापरूच नये. स्वयंपाक चालू असतानाही समोरासमोरची खिडकी आणि दार थोडे उघडे हवे.

हे विशेषतः तीन ठिकाणी सांगावे लागते. पहिले, बाळंतिणीची खोली. वारा लागू नये म्हणून सगळ्या फटी कापडाने बंद करून आत स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी ठेवतात. आई आणि नवजात बाळ दोघांनाही याचा धोका असतो. खोली गरम ठेवायची तर गरम कपडे, दुलई आणि गरम पाण्याची पिशवी पुरते. दुसरे, न्हाणीघर. बंद न्हाणीत स्टोव्हवर पाणी तापवून तिथेच अंघोळ करू नये. तिसरे, सहरी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येत येत आता थंडीच्या दिवसांत शिरला आहे. पहाटे गारठ्यात सगळे दार-खिडकी लावून घेतात, मुले त्याच खोलीत झोपलेली असतात आणि शेजारी स्टोव्ह चालू असतो. खिडकी उघडी ठेवून मुलांना एक पांघरूण जास्त घालावे.

लहान मुले आणि घासलेटची बाटली

शरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत घासलेट ठेवणे आजच बंद करावे. तहानलेले मूल रंग-वास पाहत नाही, बाटली पाहते. घासलेट पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त इजा करते. म्हणून मुलाने ते प्यायले तर त्याला ओकारी काढायला लावू नये. ओकताना तेल श्वासनळीत जाते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. मीठपाणी पाजणे, घशात बोट घालणे हे उपाय करू नयेत. भिजलेले कपडे काढावेत, अंग पुसावे आणि मूल खेळत असले, बरे दिसत असले तरी लगेच दवाखान्यात न्यावे. त्रास काही तासांनीही सुरू होतो. उवांसाठी डोक्याला घासलेट लावण्याची जुनी रीतही सोडून द्यावी. ते कातडी जाळते आणि जवळ ज्योत असेल तर केस पेटतात.

आग लागलीच तर

स्टोव्हच्या जवळ वाळूची बादली किंवा ओले गोणपाट ठेवावे. तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये, पाण्यावर तेल पसरते आणि आगही पसरते. आग लहान असेल तर वाळू किंवा ओले गोणपाट टाकावे. मोठी असेल तर घर सोडावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

स्वयंपाक करताना नायलॉनची ओढणी, सैल बाह्या, लोंबणारा पदर टाळावा. सुती कपडे अंगासरशी असावेत, ओढणी मागे बांधावी. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नये. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ कापडाने झाकून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

भडका आणि बातमी

स्टोव्हविषयी लिहायचे आणि एक गोष्ट टाळायची, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू झाल्याची दोन ओळींची बातमी मराठी वर्तमानपत्रांत नेहमी येत असे. त्यांतले काही अपघात खरोखरचे होते. काही नव्हते. स्टोव्ह बोलत नाही म्हणून त्याच्यावर दोष टाकणे सोपे होते. स्त्रियांच्या संघटनांनी हे प्रश्न रस्त्यावर आणले. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत छळाविरुद्धचे कलम ४९८-अ आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून किंवा अन्य संशयास्पद रीतीने मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाला असेल, तर कायदा त्याला हुंडाबळी मानतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद अनुक्रमे कलम ८५ आणि ८० मध्ये आहे. जहेजची मागणी आपल्या समाजात होत नाही असे म्हणून चालणार नाही, आणि हे कायदे सर्वांसाठी आहेत.

स्टोव्हची ओळख असणे येथेही उपयोगी पडते. वातीच्या स्टोव्हच्या टाकीत पंपाचा दाब नसतो. तो भडकला तर त्याला बहुतेक वेळा काही कारण असते. रिकामी नळी, गरम असताना भरलेले तेल, भेसळ, गळकी टाकी, सांडलेले घासलेट. "स्टोव्ह फुटला" हे कारण म्हणून पुरत नाही, तो कशाने फुटला हे विचारता आले पाहिजे. मुलीच्या माहेरच्यांना, शेजाऱ्यांना, सासरच्या समंजस माणसांनाही.

आणखी एक. घरात स्टोव्हची कामे बहुतेक एकाच बाईवर असतात. तेल आणायचे, वाती कापायच्या, काजळी काढायची आणि भाजलेही तिनेच. वाती बदलणे आणि टाकी साफ करणे हे काम घरातल्या मुलांना आणि पुरुषांनाही यायला हवे. अर्ध्या तासाचे काम आहे. एकदा सुट्टीच्या दिवशी सर्वांनी मिळून स्टोव्ह खाली उतरवावा, उघडावा, समजून घ्यावा, आणि वापरण्याजोगा नसेल तर निरोप द्यावा.

वापरायचा असेल तर या पाच गोष्टी कागदावर लिहून स्टोव्हच्या वरच्या भिंतीवर चिकटवा. सगळ्या नळ्यांत वाती. थंड असतानाच तेल. खिडकी उघडी. ज्योत निळी. मुले आणि घासलेट लांब.